सैल ठेवलेला बोल्ट

एकदा कोल्हापुरातील एका वृद्ध वस्तादांच्या गॅरेजात त्यांचा तिशी ओलांडलेला शिष्य फाटलेले बुश मुठीत धरून फणफणत आला. चाकाचा आर्म, म्हणजे चाक धरणारा दांडा, गाडीच्या सांगाड्याला जोडला जातो, तिथे हादरे पचवणारे रबराचे जाड कडे असते, तेच बुश.

गाडी शिष्याच्या वडिलांची, आबांची. दोन आसनांची, चाळीस वर्षांची स्पोर्ट्स कार. गुडघे गेल्यापासून आबांचे स्टिअरिंग सुटले होते. जुन्या गाड्यांची फेरी दरवर्षी घाट चढते, त्यात एकदा शेजारी बसवून माथ्यापर्यंत ने, एवढेच त्यांनी मुलाकडे मागितले होते. गेल्या वर्षी तिसऱ्या वळणावर पुढची चाके थरथरू लागली आणि बापलेक माघारी फिरले. परतताना आबा मान वळवून माथ्याकडे पाहत राहिले. ते मुलाच्या जिव्हारी लागले.

त्याने झिजलेले बुश काढून कडक रबराचे बसवले. महिन्यात फाटले. त्याहून कडक आणले, तेही फाटले. नाचता येईना, अंगण वाकडे!

"वस्ताद, रबरच हलकं मिळतंय. तिसरा जोड आणलाय. फेरी परवा हाय. मी माघार घेणार न्हाई."

"घेऊ नगंस," वस्ताद म्हणाले. "पर उद्या आबांना संगं आण."

दुसऱ्या दिवशी शिष्याने गाडी लिफ्टवर चढवली, नवे बुश बसवले आणि नेहमीप्रमाणे बोल्ट कचकचून आवळायला पाना लावला. वस्तादांनी तो पाना काढून घेतला. बोल्ट सैलच ठेवून त्यांनी गाडी खाली उतरवली, तळाशी काम करण्यासाठी खणलेल्या खड्ड्यावर घेतली, आबांना हाताला धरून आत बसवले, शिष्याला स्टिअरिंगवर बसायला फर्मावले आणि पंचाहत्तरीचे ते गृहस्थ स्वतः पाना घेऊन खड्ड्यात उतरले. गुरू ग्रीसमध्ये आणि आपण सीटवर! शिष्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

बोल्ट आवळून वस्ताद वर आले.

"चाकं लोंबकळत असताना तू बोल्ट आवळत हुतास. रबर तिथंच धरलं जातंय. मग गाडी जमिनीवर आली, तुम्ही दोघं बसलासा, की आर्म वर सरकतो आन् रबराला पीळ पडतो. उभ्या गाडीतबी पीळ सुटत न्हाई. फाटंल न्हाई तर काय? रबर कडक केलंस, पर ज्याला न्यायचं त्याला बसवून कधी आवळलंस? निश्चयाचंबी तसंच असतंय, लेका. हवेत आवळलेला फाटतो. ओझं अंगावर घेऊन आवळलेला टिकतो."

शिष्याने शेजारी पाहिले. इतके महिने तो आबांसाठी झटत होता, पण गेल्या फेरीनंतर आबांना गाडीत बसवले होते ते आजच.

फेरीच्या दिवशी तिसरे वळण आले. शिष्याने स्टिअरिंग फिरवले. गाडी न थरथरता वळली. आबांनी दाराची मूठ सोडली आणि हात मांडीवर ठेवले.

"आता जरा दाब की," ते म्हणाले.