चौथ्या प्रकरणातले एक वाक्य

हिब्रू भाषेत लिहिणारा एक वृद्ध कादंबरीकार एकदा यरुशलेममधल्या आपल्या घरी शिष्येची वाट पाहत बसला होता. त्याच्या कादंबऱ्या देशोदेशी वाचल्या जात. तरी दर आठवड्याला तो एका तरुण लेखिकेला लेखनाचे धडे देई. तिचे नाव ओरीत पेणकर. कोकणातून इस्रायलला जाऊन वाळवंटातल्या एका लहान गावात स्थायिक झालेल्या बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू, कुटुंबातली ती मुलगी.

त्या दिवशी ओरीत आनंदात आली. आईच्या आयुष्यावरची तिची पहिली कादंबरी प्रकाशकाने स्वीकारली होती. तिने हस्तलिखित गुरूपुढे ठेवले. त्याने ते उघडलेसुद्धा नाही.

"आईने वाचलं?"

"तिला हिब्रू बोलण्यापुरतं येतं. वाचते ती मराठीच."

"मग तिला मराठीत सांग, शेवटपर्यंत. नंतर मी वाचीन."

ओरीतला हे चमत्कारिक वाटले. तरी शुक्रवारी सकाळी ती गावी गेली. तिची आई मिलकाबाई स्वयंपाकघरात भिजवलेले वाल सोलत होत्या. ओरीत समोर बसून एकेक प्रकरण सांगू लागली, आणि चौथ्यात अडखळली. मिलकाबाई पूर्वी तिच्याच शाळेत फरशी पुसायच्या. एकदा मैत्रिणींबरोबर जाताना आई समोर आली, तेव्हा ओरीतने तोंड फिरवले होते. कादंबरीत मात्र तिने उलट लिहिले होते, की आईनेच ओळख दाखवली नाही. हिब्रूत ते वाक्य सहज उतरले होते. आईसमोर मराठीत ते जिभेवर येईना.

अखेर मान खाली घालून तिने ते सांगितले. मिलकाबाईंचे हात थांबले.

"तुझ्या मैत्रिणी होत्या ना बरोबर. तू मला बघायच्या आत मी बादली उचलली नि भिंतीकडे तोंड केलं. तुला कसं कळलं गं?"

ओरीत गुरूकडे परतली ती गोंधळूनच.

"मी खोटं लिहिलं होतं, ते खरं निघालं. पण तोंड मीही फिरवलं होतं. तिने ते पाहिलंच नाही, की पाहून मला सांभाळून घेतलं? मला आता काहीच कळत नाही."

गुरू म्हणाला, "माझ्या पहिल्या कादंबरीत माझा थोरला भाऊ आहे. तो घर सोडून का गेला, ते मी लिहिलं. त्याला विचारलं नाही, कारण मला वाटलं, मला ठाऊक आहे. पुस्तकाला मान मिळाला. भाऊ एवढंच म्हणाला, 'छान लिहिलंस.' त्यानंतर तो वारेपर्यंत आम्ही फक्त हवापाण्याचं बोललो. तुझ्या मनात आज जो गोंधळ आहे, तो माझ्या मनात उभा राहिला तेव्हा विचारायला कोणी उरलं नव्हतं. तुझी आई आहे."

"मग ते वाक्य ठेवू की काढू?"

"ते मला सांगता येणार नाही."

ओरीतने प्रकाशकाकडे मुदत मागितली. पुढच्या शुक्रवारी ती हस्तलिखित न घेता गावी गेली.

"आई, त्या दिवशी मी तुला पाहिलं होतं. तोंड मीच फिरवलं."

मिलकाबाईंनी तिला जवळ बसवले. मग म्हणाल्या, "ते राहू दे. त्या कामावर मी का गेले, ते तू कधी विचारलंच नाहीस." आणि त्या सांगू लागल्या.

संध्याकाळपर्यंत ओरीत ऐकत राहिली. तिने काहीही लिहून घेतले नाही.

ज्याला आपण पुरते ओळखतो असे वाटते, त्यालाच विचारायचे बहुधा राहून गेलेले असते.