काहीच न मागणारे गवत

एकदा एक शिष्य भरलेली कळशी वाटेतच टाकून बागेकडे धावत सुटला. समोर जे चालले होते त्यावर त्याचा विश्वास बसेना. ज्या आचार्यांनी कधी एक कळीसुद्धा अकारण खुडली नव्हती, ते वृद्ध आचार्य दोन्ही हातांनी कुऱ्हाड चालवत होते. आणि घाव पडत होते ते फाटकाजवळच्या तुऱ्यांच्या गवतावर.

शिष्य आश्रमात आला त्याच वर्षी त्याने हे गवत स्वतःच्या हाताने लावले होते. आता त्याचा ठोंब पुरुषभर उंच झाला होता. थंडीत त्याला रुपेरी तुरे येत आणि वाऱ्यावर ते असे झुलत, की आल्यागेल्याचे पाऊल फाटकातच थबके. गुलाबाला खत लागे, जाईला मांडव लागे. या गवताला काहीच लागत नसे. ऊन सोसायचे, कीड लागायची नाही. पाहुण्यांना शिष्य मोठ्या कौतुकाने सांगे, "याच्याकडे बघावेसुद्धा लागत नाही!" आणि खरोखरच तो बघत नसे.

आता ते तुरे विळ्याने कापून बाजूला रचलेले होते. मुळांसकट उपटलेला ठोंब आडवा पडला होता.

"गुरुजी, थांबा! हे काय करता आहात?" शिष्य ओरडला. "कोणता अपराध केला याने? आश्रमात सगळ्यांत शहाणे झाड हेच होते!"

"ती पहार दे इकडे," आचार्य म्हणाले.

"नाही देणार."

आचार्य रागावले नाहीत. त्यांनी पुन्हा कुऱ्हाड उचलली आणि ठोंबाच्या बरोबर मधोमध घाव घातला. ठोंब दुभंगला. शिष्य पुढे झाला आणि जागच्या जागी थिजला.

आत काही नव्हते. बाहेरून हिरवीगार दिसणारी ती पाती म्हणजे एक नुसते कडे होते. मध्ये काळपट, कुजलेला भुसा होता आणि त्यात मुंग्यांनी घर केले होते. त्याने मूठभर उचलला तर बोटांतून त्याची पूड गळाली.

"पण... तुरे तर यंदाही आले होते," तो कसाबसा म्हणाला.

"येणारच," आचार्य घाम पुसत म्हणाले. "हे कडेने वाढत जाते आणि मधून मरत जाते. काही वर्षांनी एकदा याला उपटावे लागते, फोडावे लागते, मेलेले काढून जिवंत तेवढे पुन्हा लावावे लागते. बाळ, हे गवत कमी मागते. तू मात्र समजलास, की हे काहीच मागत नाही. तेवढ्या फरकात बघ किती मरण मावले." मग त्यांनी विचारले, "तुझ्या आयुष्यात असे आणखी कोण आहे?"

'कोणी नाही' हे शब्द शिष्याच्या ओठांवर आले आणि तिथेच अडकले.

आईवडील गेल्यावर त्याला थोरल्या बहिणीने वाढवले होते. तिनेच त्याला शिकायला पाठवले आणि ती गावच्या घरी एकटी राहिली. गावाकडचा कोणी व्यापारी आश्रमावरून गेला, की शिष्य तिची खुशाली विचारी. उत्तर नेहमी एकच असे, "ताई बऱ्या आहेत. काही नको म्हणाल्या." ते ऐकून तो निश्चिंत मनाने पुन्हा पोथीकडे वळे.

त्याने पहार उचलली. गवताचे हिरवे फुटवे दोघांनी मिळून पुन्हा मातीत लावले, आणि त्याच दिवशी आचार्यांची आज्ञा घेऊन तो गावाकडे निघाला.

घर दुरून दिसले तेव्हा त्याच्या जिवात जीव आला. अंगण झाडलेले होते. तुळशीला पाणी घातलेले होते. दारात बसलेल्या ताईने त्याची हाक ऐकली आणि ती धडपडत उठली. तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. कपाळ, नाक, हनुवटी. तिच्या बोटांवर चुलीने भाजल्याचे डाग होते, काही जुने, काही ओले.

"ताई, तुला दिसत नाही?"

"दिसतं रे," ती हसून म्हणाली. "संध्याकाळ झाली ना, म्हणून जरा अंधुक."

बाहेर भर दुपारचे ऊन पडले होते.

शिष्य तसाच उंबऱ्यावरून मागे फिरला. त्याच दिवशी त्याने वैद्य आणले. त्यांनी ताईचे डोळे तपासले आणि त्याला बाजूला घेऊन सांगितले, "एक डोळा गेला. दुसरा कदाचित राखता येईल. आधी का नाही बोलावलंत?"

तो आत आला. "मला का नाही कळवलंस, ताई?"

"तू शिकत होतास ना."

त्याने तिच्या भाजलेल्या बोटांना लोणी लावले. "तुला काय हवंय?" त्याने विचारले.

"काही नको रे."

एरवी तो इथेच उठला असता. आज तो बसून राहिला. बराच वेळ गेला. मग ताई अगदी हळू आवाजात म्हणाली, "मला एकदा नदीवर नेशील? पायऱ्यांची भीती वाटते. किती दिवसांत पाण्याला पाय लागले नाहीत."

"नेईन. आणखी काय हवंय?"

"काही नको," ती म्हणाली. आणि शिष्य पुन्हा, तिचा हात हातात घेऊन, वाट पाहत बसून राहिला.