पुढचं स्टेशन

"आणि वळण अजून आवळलं, तर?"

मल्लिनाथनं विचारलं. गॅलरीच्या दारात प्लास्टिकच्या स्टुलावर बसून पिराजी मास्तर गाडीकडे बघत होते.

गाडी आली. गेली. लगेच पुन्हा आली.

"मास्तर, मी विचारलं, वळण..."

"ऐकलं."

गाडी पुन्हा आली.

मल्लिनाथ हलकुडे सोलापूरच्या एका सूतगिरणीत इंजिनिअर होता. डोकं चांगलं, हातात कसब, पण पायाला भिंगरी. दूध उतू जायच्या भीतीनं आधीच गॅस बंद करायचा आणि मग दूध कच्चं राहिलं म्हणून चिडायचं, अशातला गडी. त्यानं खेळातली रेल्वे उभारायला घेतली तीसुद्धा मोठ्या मापाची. परदेशात लोक असली गाडी बागेत पळवतात. इंजिन हातभर लांब, डबे त्याहून थोडे मोठे. मल्लिनाथकडे बाग म्हणाल तर कोरफडीची एक कुंडी होती.

हौसेला मोल नसतं म्हणतात. जागा मात्र लागते.

तिसऱ्या मजल्यावरच्या अरुंद गॅलरीत त्यानं हे सगळं कोंबलं होतं. वळण आवळलं की शेवटचा डबा रुळावरून उतरे. सैल सोडलं की इंजिन कठड्याला नाक घासे. दोन्हीच्या मधलं माप त्यानं मोठ्या खटपटीनं शोधलं होतं, आणि आता इंजिन शेवटच्या डब्याच्या मागे लागलंय की शेवटचा डबा इंजिनाच्या, ते कोणालाच सांगता येत नव्हतं. त्याची बायको राजश्री कपडे गच्चीवर नेऊन वाळत घालत होती आणि त्याबद्दल रोज न चुकता एक वाक्य बोलत होती.

पिराजी सरवदे जन्मभर एकेरी लाईनवरच्या लहान लहान स्टेशनांवर मास्तर होते. निवृत्त झाल्यावर कुर्डुवाडीच्या घरी त्यांनी एका लोखंडी कपाटात खेळातल्या रुळांसकट अख्खा घाट उभा केला. दार उघडलं की बघणारा कपाट विसरून जाई. हौशी लोक लांबून लांबून त्यांच्याकडे येत, मठात यावं तसे. मास्तरांचा कारभारही मठासारखाच. बसा म्हणायचे, चहा द्यायचे, आणि प्रश्नाचं उत्तर द्यायचं की नाही ते आपल्या मर्जीनं ठरवायचे.

मल्लिनाथ त्यांच्याकडे खेटे घालत होता. दर खेपेला प्रश्न एकच. कमी जागेत जास्त रूळ कसे बसतील?

शेवटी मास्तर म्हणाले, "बघू तरी." आणि आज सकाळच्या एस.टी.नं आले.

"वर अजून एक मजला चढवू का?" मल्लिनाथनं विचारलं. तो उभाच होता, आणि उभ्या उभ्याच त्याचा एक गुडघा हलत होता. "गाडी गोल गोल चढत वर जाईल."

"आणि?"

"आणि गोल गोल खाली येईल."

"हं."

"नाहीतर ही भिंत पाडतो!"

"घर स्वतःचं आहे?"

"स्वतःचं आहे."

"मग पाड की."

ही परवानगी की चपराक, ते मल्लिनाथला कळेना. तो भिंतीकडे बघत राहिला.

"गाडी कधी लेट होते का बे?" मास्तरांनी विचारलं.

मल्लिनाथची छाती फुगली. "एकदासुद्धा नाही. घड्याळ लावून बघा."

"अरेरे," मास्तर म्हणाले. कुणीतरी गेल्याची बातमी ऐकावी तसं म्हणाले.

गाडी आली. गेली.

मास्तरांनी चष्मा पुसला आणि वाकून स्टेशनची पाटी वाचली. पिवळी पाटी, काळी अक्षरं. हलकुडेनगर. खाली समुद्रसपाटीपासूनची उंचीसुद्धा लिहिली होती.

"छान आहे. पुढचं स्टेशन कुठलं?"

"पुढचं... हेच. गाडी फिरून इथंच येते."

"आणि मागचं?"

"तेही..." मल्लिनाथचा आवाज खाली आला. "तेही हेच."

मास्तर वाकलेलेच होते. त्यांचं बोट आता रुळांच्या आतल्या फरशीवर होतं. तिथं गंजाचे चार डाग होते, चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर असावेत तसे.

"हे काय?"

"ते होय... कॉटचे पाय. अप्पांची कॉट होती इथं आधी."

"आणि आता?"

"आत आहे. जागा करावी लागली ना..."

मास्तर सरळ झाले. त्यांनी आतल्या खोलीच्या दाराकडे बघितलं.

अप्पा म्हणजे मल्लिनाथचे वडील, शिवलिंगअप्पा. छोट्या रुळांच्या गाडीवर ते गार्ड होते. बायको गेल्यावर गावचं घर बंद करून ते मुलाकडे आले. आपली पत्र्याची पेटी बरोबर आणली, बोलणं मात्र बहुतेक तिकडेच राहिलं. 'हं' आणि 'नको', एवढ्या दोन शब्दांवर त्यांचा दिवस निघे. गॅलरीतल्या कॉटवर ते पडून असत. लांबून गाडीची शिटी आली की तेवढी मान वळवत.

मल्लिनाथला बापानं बोलायला हवं होतं. बाकी काही नको होतं. पण बापाशेजारी नुसतं बसणं त्याला जमेना. दोन मिनिटं बसला की त्याला उठून काहीतरी करावंसं वाटे. म्हणून त्यानं रेल्वे केली. अप्पांसाठी केली, आणि ती मावावी म्हणून अप्पांनाच आत हलवलं.

गाडी पहिल्यांदा पळाली त्या दिवशी त्यानं अप्पांना हाताला धरून दारात आणलं. अप्पांनी दोन फेऱ्या बघितल्या.

"कुठं चालली ही?" अप्पांनी विचारलं.

"कुठं म्हणजे... फिरून परत येते, अप्पा."

अप्पा आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. त्यानंतर 'हं' आणि 'नको'सुद्धा कमी झाले.

मल्लिनाथनं त्यातून काय काढलं, तर रूळ कमी पडतायत! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

"तुला जागा कमी पडत नाही," मास्तर म्हणाले. "स्टेशन कमी पडतंय."

"एवढंच?" मल्लिनाथनं खिशातून मोजायचा टेप काढलासुद्धा. "बसवतो की! या कोपऱ्यात बसवू? का कठड्याला लावून..."

"टेप आत ठेव."

टेप सर्रकन आत गेला.

"सरळ रूळ आहेत तुझ्याकडं?"

"खोकंभर आहेत. इथं बसतच नाहीत ते. सगळं वळणच आहे ना इथं. म्हणून दिवाणाखाली टाकलेत."

"आण."

मास्तरांनी आपल्या हातानं स्क्रू काढले. ज्या वळणासाठी मल्लिनाथनं किती रविवार घातले होते ते वळण त्यांनी उचललं आणि कोरफडीच्या कुंडीला टेकवून ठेवलं.  मल्लिनाथ बोटं एकसारखी मांडीवर वाजवत राहिला.

मग रूळ सरळ निघाले. चपलांच्या स्टँडची फळी तिरकी लावून उंबरठा ओलांडला, आणि दारातून आतल्या खोलीत शिरले. अप्पा भिंतीकडे तोंड करून पडलेले होते. ते हलले नाहीत. मल्लिनाथ गुडघ्यांवर रांगत एकेक रूळ जोडत गेला. शेवटचा तुकडा कॉटजवळ संपला. पुढं हातभर फरशी आणि मग भिंत.

"मास्तर, इथं रूळ संपले."

"बरं झालं. ये बाहेर."

"पण गाडी आत थांबवणार कोण? इथून मला दिसणारसुद्धा नाही. भिंतीवर आपटेल!"

"ये बाहेर."

तो आला. मास्तर दारात उभे राहिले. उंबरठ्याच्या आत त्यांनी पाऊल टाकलं नाही.

"गार्डसाहेब," ते नेहमीच्या आवाजात म्हणाले. "मी पिराजी सरवदे, हलकुडेनगरचा मास्तर. पुढचं स्टेशन आज तुमच्याकडं आहे. लाल बटण दाबलं की गाडी थांबते. लाईन क्लिअर आहे का? गाडी सोडू?"



...

मग आत कॉट करकरली.

"मिळाली," मास्तर म्हणाले.

"काय मिळाली? ते काही बोललेच नाहीत!"

"जन्मभर लाईन क्लिअर घेतलीय मी. तू शिकवू नको."

आणि त्यांनी मल्लिनाथपुढे हात केला.

"काय?"

"रिमोट."

मल्लिनाथनं रिमोट छातीशी धरला. ते इंजिन त्यानं कसं मागवलं होतं, ते त्याचं त्यालाच माहीत. रिमोट दुसऱ्याच्या हातात त्यानं कधी दिला नव्हता. राजश्रीलाही नाही. अप्पांनाही नाही, हे त्याला आत्ता, या क्षणी आठवलं आणि त्याचे कान तापले.

त्यानं रिमोट दिला.

मास्तरांनी तो स्वतःजवळ ठेवला नाही. इंजिनामागं एक उघडा मालडबा होता. त्याच्यात त्यांनी रिमोट ठेवला, लाल बटण वर येईल असा. एकेरी लाईनवर गाडी सोडताना मास्तर ड्रायव्हरच्या हाती टोकन, म्हणजे पुढं जायचा परवाना, देतो. ते दिलं की मास्तरच्या हातात काही उरत नाही. गाडी पुढच्या स्टेशनची होते. मागच्या मास्तरनं फक्त वाट बघायची.

"मास्तर, नको... आत काही झालं तर मी थांबवणार कशानं?"

मास्तरांनी हिरवं बटण दाबलं.

गाडी निघाली. रूळ सरळ, म्हणून पहिल्यांदाच ती एवढी लांब दिसली. इंजिन फळीवर चढलं, उंबरठा ओलांडला, दारात दिसेनासं झालं. एकेक डबा आत गेला. शेवटच्या डब्याचा लाल दिवा गेला.

चाकांचा आवाज येत राहिला.

मल्लिनाथ धावणार, तेवढ्यात मास्तरांनी त्याचं मनगट धरलं आणि खाली ओढून फरशीवर बसवलं. नेमका तो गंजाच्या डागांच्या मधे बसला.

चाकांचा आवाज थांबला.

आपटल्याचा आवाज आला नाही.

"थांबली," मल्लिनाथ कुजबुजला. "की घसरली? मास्तर, घसरली असेल तर..."

मास्तर स्टुलावर बसले आणि रस्त्याकडे बघू लागले.

गाडी आली नाही.

खाली भंगारवाला ओरडत गेला. शेजारच्या घरात कुकरची शिटी झाली. मल्लिनाथनं मांडी घातली, मोडली, पुन्हा घातली. रिकाम्या रुळांकडे बघितलं. इतके दिवस ही गाडी क्षणभरसुद्धा त्याच्या नजरेआड गेली नव्हती. आता ती दहा पावलांवर होती आणि फार लांब गेल्यासारखी वाटत होती. आत काय चाललंय? अप्पा उठून बसले असतील का? त्यांच्या हातात रिमोट असेल का? त्यांना ते बटण दिसलं असेल का? या महिन्यात आपण अप्पांबद्दल एवढा विचार केला नव्हता, हे त्याला जाणवलं, आणि त्याला रडू यायला लागलं. तो ते गिळत राहिला.

"मी नुसतं दारातून बघून येतो," तो म्हणाला.

"मागचा मास्तर बघायला जात नसतो."

...

शेवटी त्याच्यानं राहवेना. बसल्या जागेवरूनच त्यानं हाक मारली.

"अप्पा! गाडी मिळाली का?"

शेजारी कुकरची दुसरी शिटी झाली.

"अप्पा..."

आत कॉट पुन्हा करकरली. घसा खाकरल्याचा आवाज आला, फार दिवस बंद असलेलं दार ओढावं तसा. आणि मग, गार्डाच्या डब्यातून इंजिनापर्यंत ऐकू जावा अशा आवाजात, शिवलिंगअप्पा बोलले.

"बोंबलू नको! इंजिन पाणी घ्यायलंय. गाडी लेट आहे!"

 मल्लिनाथच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तो धडपडत उठला, आत पळायला निघाला. रुळावर पाय पडून अडखळला, तरी निघालाच.

मास्तरांनी मागून त्याच्या सदऱ्याचं टोक धरलं.

"बस खाली. लेट आहे म्हणजे येणार आहे."