धामणीचा दोरा

फार पूर्वीची गोष्ट. तेव्हा राजे हत्तींना जपत, पण त्याहून जास्त कोठारांना जपत. हत्तीवाचून राज्य चालते, दाण्यावाचून चालत नाही.

अशाच एका राज्यात दोन मोठी कोठारे होती, एक उगवतीला, एक मावळतीला. उंदरांवर धाक राहावा म्हणून दोन्हींत एकेक धामण पाळायची रीत होती. धामणीला विष नसते आणि उंदरांची बिळे तिच्याइतकी कोणालाच ठाऊक नसतात.

उगवतीच्या कोठारात एका म्हातारीची सारी हयात धामणी वाढवण्यात गेली होती. तिची दृष्टी गेली, तेव्हा तिच्या जागी एक तरुण मुलगी आली. मुलगी कष्टाळू होती, पण भारी भित्री. सूप हातातून निसटले तरी स्वतःच दचकायची. मावळतीचे कोठार सांभाळणारा कोठावळा तिला पाहून हसे. "पालीला भिते आणि साप पाळते," असे चारचौघांत सांगत फिरे.

त्या वर्षी एकाच धामणीची दोन पिल्ले दोन कोठारांत आली. म्हातारीने मुलीला एक सुती दोरा दिला. पिल्लाच्या पोटाचा सगळ्यांत जाड भाग दोऱ्याने मापायचा आणि तिथे गाठ मारायची. मग तोच दोरा मारलेल्या उंदराभोवती फिरवायचा. गाठीपर्यंत नीट बसला, तर घास बरोबर. तोकडा पडला, तर तो उंदीर तिच्यासाठी नाही.

मुलीने गाठ मारली आणि ती जणू देवाची आज्ञाच मानली. पिल्लाने कात टाकली, पुन्हा टाकली, तरी ती आपली डोळे न उघडलेली उंदराची पिल्लेच भरवत राहिली. मोठे काही दिले आणि घशात अडकले, तर?

होता होता धामण सुकली. दिवसभर कोपरे हुंगत फिरू लागली. एके सकाळी तर मोरीच्या भोकातून निम्मी बाहेर गेलेली सापडली. मुलगी तिला उचलून रडतच म्हातारीकडे आली.

म्हातारीने धामणीवरून सावकाश हात फिरवला. शेपटीपर्यंत पोहोचायला तिला वेळ लागला.

"अगं, ही केव्हाच वाढली," ती म्हणाली. "तू मात्र जुन्याच गाठीवर बसलीस. भीतीनं मोजू नकोस, पोरी. दोऱ्यानं मोज."

त्या दिवसापासून दर कातीनंतर दोऱ्यावर नवी गाठ पडू लागली. धामण तुकतुकीत झाली.

सुगी आली, कोठारे भरली. राजा पाहणीला निघाला आणि आधी मावळतीला गेला. कोठावळ्याने मांजराच्या पिल्लाएवढ्या दोन घुशी मारून ठेवल्या होत्या. त्याने एक आपल्या धामणीपुढे टाकली. बिचारीने जबडा ताणताणून, थांबतथांबत ती गिळली. लोकांनी वाहवा केली. राजाने कोठावळ्याला शेला दिला.

दुसरी घूस घेऊन कोठावळा सगळ्यांसह उगवतीला आला. "दोघी एका विणीच्या," तो राजाला म्हणाला. "हिच्या धामणीनं ही गिळली नाही, तर हे कोठारही माझ्याकडे द्यावं, महाराज."

नाही म्हणावे, तर कोठार आणि धामण दोन्ही जातील. हो म्हणावे, तर धामण जिवाला मुकेल. तिने कमरेला बांधलेला मापाचा दोरा सोडला. हात इतके थरथरत होते की घुशीभोवती तो दोनदा निसटला. तिसऱ्यांदा बसला, तेव्हा सगळ्यांनी पाहिले, दोरा चार बोटे तोकडा होता.

"नाही द्यायची, महाराज," ती म्हणाली.

राजाने तिच्या हातांकडे पाहिले. "तुला भीती वाटते?"

"वाटते. पण घूस मी भीतीनं नाही मोजली, दोऱ्यानं मोजली."

राजा म्हणाला, "पुढच्या सुगीला पाहू," आणि निघून गेला.

चौथ्या दिवशी मावळतीच्या धामणीने कुजलेली घूस ओकून टाकली. त्यानंतर तिने अन्नाला तोंड लावले नाही. महिन्याभरात ती गेली आणि उंदरांना रान मोकळे झाले. इकडे उगवतीची धामण गाठीगाठीने वाढत राहिली. वर्ष सरता सरता मनगटाएवढी झाली आणि एका दुपारी तिने आपणहून घूस धरली.

पुढच्या सुगीला राजा आला. मावळतीला अर्धे धान्य भुसा झाले होते, उगवतीची रास जशीच्या तशी होती. राजाने दोरा मागून घेतला, एकेका गाठीवरून बोट फिरवले आणि तो कपाळाला लावून मुलीला परत दिला. दोन्ही कोठारांत धामणी वाढवायचे काम त्याने तिच्या हवाली केले.

सगळे पांगल्यावर कोठावळा मागे रेंगाळला. खाली पाहत म्हणाला, "बाई, मावळतीला नवं पिल्लू आलंय. दोरा धरायचा कसा, ते मलाही शिकवा."

तेवढ्यात आढ्यावरून पाल पडली आणि मुलगी टुणकन उडाली. या वेळी कोठावळा हसला नाही. पाल बाजूला करून तो तिच्यासमोर शिकायला बसला.

तात्पर्य : घास खाणाऱ्याच्या अंगाएवढा असावा, देणाऱ्याच्या हौसेएवढा नको आणि त्याच्या भीतीएवढाही नको.