हापशाची चिंधी

वस्तू आपापसांत बोलत असत त्या काळी एका टेकडीवर तपसाधनेचं घर होतं. माणसं तिथे तीन दिवस मौन पाळून प्रार्थना करत. अंगणातल्या हापशाचा दांडा मात्र लोखंडावर ठणठण आपटायचा, म्हणून स्वयंपाकाला हौसेने राबायला येणाऱ्या आग्नेसबाईंनी तिथे एक चिंधी बांधली. घर शांत झालं. फादरांनी त्याचं श्रेय टेकडीच्या हवेला दिलं आणि विश्वस्तांनी स्वतःला.

वेदीवरचं जाळीदार वस्त्र हापशावर धुवायला आलं, तेव्हा चिंधीला म्हणालं, "देवाच्या दारात राहतेस, पण प्रवचनाचा एक शब्द तरी ऐकलास का गं?"

चिंधीला ते लागलं. त्या तपसाधनेच्या शेवटच्या दिवशी तिने गाठ सैल केली आणि वाऱ्याला विनवून प्रार्थनागृहाची खिडकी गाठली.

मागच्या बाकावर एक म्हातारा होता. 'बायको गेल्यापासून रडला नाही बिचारा,' असं आग्नेसबाई म्हणायच्या, तोच हा. त्याचे ओठ थरथरू लागले, डोळे भरले. तेवढ्यात बाहेर ठण्ण झालं. म्हातारा दचकला आणि त्याने घाईघाईने डोळे पुसले.

"वारेबुवा, मला परत न्या."

"अगं, प्रवचन आत्ता कुठे सुरू होतंय!"

"होऊ द्या. हापशावर चहाचं पाणी भरायचंय अजून."

"कुठे उंडारत होतीस गं भवाने?" आग्नेसबाई पुटपुटल्या आणि त्यांनी तिला घट्ट बांधलं. दांडा दाणकन खाली आला तो चिंधीच्या पाठीत. आवाज झाला नाही.

थोड्या वेळाने खिडकीतून एक हुंदका आला, त्याच्यामागून दुसरा. त्या तपसाधनेतलं चिंधीने तेवढंच ऐकलं.