थेंब न गळणारं खुराडं

"आजारी कोंबड्या दिल्यात ना मला, बाबा?"

सायकल स्टँडवर लावायच्या आधीच त्र्यंबक मिस्तरीनं विचारलं. गावाबाहेरच्या तकियात, आपल्या झोपडीपुढं, चांदशा फकीर कोंबड्यांना दाणे टाकत होता. त्यानं मान वर केली नाही.

"किती गेल्या?"

"चार. आठ राहिल्यात. त्याही घुरघुरतात, नाकं गळतात."

"माझ्याकडच्या तर बऱ्या आहेत."

"तेच म्हणतो मी. बऱ्या ठेवून घेतल्या, आजारी मला दिल्या!"

फकीर रागावला नाही. त्यानं उरलेले दाणे एकदम टाकून दिले आणि भिंतीशी उपडं घातलेलं डालं उचललं.

"चल. आठ परत घेतो."

हे मात्र मिस्तरीला झोंबलं. तीस वर्षं त्यानं लोकांच्या गच्च्यांची गळती बंद केली होती. निफाडपासून येवल्यापर्यंत, मिस्तरीचा हात लागला की पुन्हा बादली लावावी लागत नाही, असं लोक म्हणत. त्याच्या हातातलं काम आजवर कुणी परत घेतलं नव्हतं. आता म्हातारपणी हौसेनं बारा कोंबड्या पाळायला घेतल्या, तर त्या एक फकीर डाल्यात घालून भर गावातून परत नेणार!

"आधी त्यांचं घर तर बघा," तो म्हणाला.

घर खरंच बघण्यासारखं होतं. नाशिकहून टेंपोतून सुट्या भागांत आलेलं तयार खुराडं, माणूस वाकून आत शिरेल एवढं. मिस्तरीनं एका सकाळीत एकट्यानं जोडलेलं. शेजारपाजारचे येऊन पाहून गेले होते, आणि मिस्तरीनं एकालाही चहा घेतल्याशिवाय आणि पूर्ण माहिती ऐकल्याशिवाय सोडलं नव्हतं.

फकीर डालं घेऊन अंगणात आला, तेव्हा त्यालाही त्यानं सोडलं नाही.

"हे बघा. पत्र्याखाली दोन्ही अंगांना कारखान्यानं वीत वीत जागा उघडी ठेवली होती. नुसती जाळी! म्हटलं, काय कामचुकार लोक आहेत. पत्र्याच्या पट्ट्या मारल्या, कडेनं सिलिकॉन भरलं. दाराला रबर लावलं. थंडी नाही, पाऊस नाही. मुंगी आत शिरून दाखवू दे."

"मुंगीचं राहू दे," फकीर म्हणाला आणि दार उघडून वाकून आत शिरला.

आजारी म्हणून कोंबड्या आज अजून कोंडलेल्याच होत्या. आत फडफड झाली.

फकीर डोळे पुसत बाहेर आला. त्यानं उजवा तळहात मिस्तरीसमोर धरला. हात ओलाचिंब होता.

"पत्र्याला आतून लागला. गळतंय, मिस्तरी."

मिस्तरीचा चेहरा लाल झाला. कोंबड्या मेल्या तेव्हासुद्धा तो एवढा लाल झाला नव्हता. त्यानं शिडी लावली, पाण्यानं भरलेली बादली वर नेली.

"जा आत! बसा! मी ओततो."

फकीर निमूटपणे आत जाऊन बसला. वरून पहिली बादली उपडी झाली.

"आला का थेंब सांध्यातून?"

"नाही."

दुसरी बादली.

"आता?"

"नाही."

तिसरी बादली झाल्यावर मिस्तरी खाली उतरला. पायजमा भिजला होता, पण छाती पुढे आली होती.

"मग? कुठं गळतंय?"

"कुठंच नाही. बाहेरचा एक थेंब आत आला नाही."

"मग!"

"मग हे पाणी कुठलं?"

मिस्तरी वाकून स्वतः आत शिरला. इतक्या दिवसांत तो आत कधी शिरलाच नव्हता. दाणापाणी दारातून ठेवायचा आणि बाहेर उभं राहून घराचं कौतुक करायचा.

आतल्या उग्र वासानं त्याच्या नाकाला झिणझिण्या आल्या. डोळे चुरचुरले. डोक्यावरच्या पत्र्याला आतून थेंब लोंबत होते. त्याच्यादेखत एक थेंब आडव्या काठीवर बसलेल्या तांबड्या कोंबडीच्या पाठीवर पडला. ती शहारली. तिनं चोच उघडली, घुरघुरत श्वास सोडला, आणि त्याची वाफ सरळ वर पत्र्यापर्यंत गेली.

ओल दिसली की पाणी कुठून आलं ते मिस्तरीला कळायचंच. आजही कळलं.

तो बाहेर आला.

"श्वास आहे तो त्यांचा," तो म्हणाला. "जायला वाट नाही... चार मी मारल्या, बाबा. आणि आळ तुमच्यावर घेतला."

फकिरानं डालं दारापाशी ओढलं, एक कोंबडी धरून आत ठेवली. मग दुसरी.

"थांबा," मिस्तरी म्हणाला.

"का?"

"माझं काम आहे. मीच उघडतो."

त्यानं सुरी आणली. बुजवलेलं उघडायची या हाताला सवय नव्हती. सिलिकॉन काही केल्या सुटेना. किती पक्कं भरलंय, असं क्षणभर त्याला वाटलंच, आणि मग स्वतःचीच लाज वाटली. पहिली पट्टी निघाली तशी कोंदट, गरम हवा भसकन त्याच्या तोंडावर आली.

दुपारपर्यंत दोन्ही अंगांच्या जागा मोकळ्या झाल्या. बसायच्या काठीच्या बऱ्याच वर होत्या त्या. वारा कोंबड्यांच्या अंगावर न येता डोक्यावरून जात होता. मांजर-मुंगूस शिरू नये म्हणून जाळी तशीच ठेवली. पावसासाठी मिस्तरीनं बाहेरून पत्रा वाकवून उतरता छज्जा केला, असा की सरी अडाव्यात आणि हवा अडू नये. काम देखणं झालं होतं.

फकिरानं जाळीपाशी हात धरून पाहिला. मग डाल्यातल्या दोन्ही कोंबड्या सोडल्या, रिकामं डालं उचललं आणि फाटकाकडे निघाला.

मिस्तरी कमरेवर हात ठेवून आपल्या कामाकडे बघत होता. ऐट त्याला सोडून किती वेळ लांब राहणार?

"बाबा, आता शेवटचा हात फिरवतो. आतून सरकती झाकणं बसवतो. संध्याकाळी थंडी वाढली की बंद, सकाळी उघडी. असलं खुराडं अख्ख्या तालुक्यात सापडायचं नाही!"

फकीर थांबला. मागे फिरला. डालं खाली ठेवून त्यानं तांबडी कोंबडी पुन्हा उचलली.

"अहो, आता काय झालं?"

फकिरानं डाल्याचं झाकण उघडलं.

"नाही बसवत झाकणं! नाही बसवत, बाबा, राहू द्या तिला!" मिस्तरीनं घाईनं डाल्यावर हात ठेवला. "पण आपल्याकडची थंडी काय असते, तुम्हाला माहीत आहे. सगळं उघडं टाकून त्यांनी झोपायचं कसं?..."

फकिरानं तांबडीला अलगद जमिनीवर सोडलं. ती पंख झटकून खुराड्याकडे गेली.

"मिस्तरी, तू गोधडी घेऊन झोपतोस, तेव्हा नाक कुठं ठेवतोस?"