लाल तारेबाबत

विषय : खडकेश्वर मठाचे केशवगिरी महाराज यांच्याकडे श्री. सौमित्र धारप यांनी केलेला अनुग्रहाचा अर्ज.

संदर्भ : अर्जदाराने यापूर्वी शहरातल्या एका मोठ्या गुरूंचा अनुग्रह घेतलेला असून तो चालू स्थितीत आहे.

"दोन्हीकडून वीज मिळाल्यावर गाडी दुबळी कशी होईल, महाराज?"

महाराज ओसरीवर शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"झाली ना पण."

गाडी म्हणजे रिमोटवर चालणारी, हातभर लांबीची, दगडांवर चढण्यासाठीच केलेली. तिला खेळणं म्हटलेलं सौमित्रला खपत नसे. मठामागच्या कातळावर मूळ गुरूंची समाधी आहे. अनुग्रह मागणाऱ्याने तिथे हार पोचवायचा, अशी इथली रीत. कोणाच्या पायांनी, हे रीतीत सांगितलेलं नाही, असा मुद्दा सौमित्रने काढला होता. मुद्दा बिनतोड होता. महाराजांनी तो मान्य केला.

गाडी निम्म्या कातळावर गेली आणि एका खाचेपाशी तिची पुढची चाकं वळेनाशी झाली. मग सगळी गाडीच गप्प. हार उतरंडीवर घसरून खाली आला. तो शेळीने खाल्ला.

"चाकं वळवणारी मोटर दणकट आहे," सौमित्र म्हणाला. "चढावर तिला फार वीज लागते. गाडी पळवणारा मूळ कंट्रोलर तेवढी देऊ शकत नाही. म्हणून हा वेगळा रेग्युलेटर लावला. बॅटरीवरून सरळ."

"रेग्युलेटर? पंख्याचा?" स्वयंपाकघराच्या दारातून सोनाबाईंनी विचारलं. मठाचा स्वयंपाक आणि मठातली टीका, दोन्ही त्यांच्याकडे होती.

"पंख्याचा नाही हो, मावशी."

"मग वारं कसं यायचं?"

महाराजांनी गाडी मांडीवर घेतली. संन्यासापूर्वी ते तंत्रनिकेतनात वीज शिकवत असत. हे ते कोणाला सांगत नसत, कारण लोक मिक्सर घेऊन येत.

"तारांच्या जोडाला डाख चांगला बसलाय."

"मी स्वतः दिलाय."

"दिसतंय. पुन्हापुन्हा दिलायस." त्यांनी कंट्रोलरवर बोट ठेवलं. "हा तापलाय."

"काम करतोय."

"भांडतोय."

"...कोणाशी?"

रिमोटचा हुकूम झेलणाऱ्या डबीत कंट्रोलरकडून येणाऱ्या तीन तारा महाराजांनी नखाने वेगळ्या केल्या. "ही लाल?"

"वीज आणते."

"पांढरी?"

"हुकूम. किती जोरात पळायचं तो."

"काळी?"

"परतीची वाट. ती सगळ्यांची मिळून एकच असावी लागते."

"आणि नव्या रेग्युलेटरचीही लाल याच डबीत येते. म्हणजे एका तोंडात दोन घास, दोन हातांनी."

"दुप्पट ताकद!"

"दोन्ही घरचा पाव्हणा उपाशी," सोनाबाई आतून म्हणाल्या. भांडी वाजली.

सौमित्रच्या लक्षात आलं. लक्षात आलं की लगेच कृती, असा त्याचा स्वभाव. त्याने जुन्या कंट्रोलरचा अख्खा प्लग उपटला. "फारकत म्हणजे फारकत. त्याचं काहीच नको."

गाडी ओसरीवर ठेवून रिमोट दाबला. पुढची चाकं झोकात डावीकडे वळली, उजवीकडे वळली. गाडी तसूभरही पुढे सरकली नाही.

"मान छान हलवते," महाराज म्हणाले. "कीर्तनात बसव हिला."

 सौमित्रचे कान लाल झाले होते.

"सोनाबाई, पिन आहे?"

सोनाबाईंनी पदराची पिन काढून दिली. पदर खोचून घेतला. महाराजांनी पिनेच्या टोकाने प्लगची बारीक जीभ उचलली आणि लाल तार अलगद बाहेर ओढली. पांढरी राहिली. काळी राहिली. प्लग परत जागेवर बसवला.

"लाल तोडून टाकू?" सौमित्रने खिशातून कटर काढलं.

"तोडायची कशाला? घ्यायचं नाही, एवढंच."

उघडं टोक मागे दुमडून त्यांनी त्यावर चिकटपट्टी गुंडाळली.

दुसरा हार आला. गाडी खाचेपाशी थांबली, चाकं तिरपी करून दगड चाचपला आणि वर चढली. समाधीच्या कट्ट्याला टेकल्यावर हार आपोआप पुढे घसरला. शेळी खालून बघत राहिली.

सोनाबाईंनी हात जोडले. गाडीला की समाधीला, ते त्यांनी सांगितलं नाही.

सौमित्र खाली बसला. प्रथमच बसला.

"आता माझ्या अर्जाचं?"

"आधीच्यांचा मंत्र आहे ना तुझ्याकडे?"

"आहे. म्हणतो रोज. सपाटीवर ठीक चालतं, महाराज." त्याने रिमोट खाली ठेवला. "आई गेली त्या दिवशी म्हणायला बसलो. दोन अक्षरांच्या पुढे काही येईना. एकदम... बंद. तेव्हापासून तसंच होतंय. म्हणून म्हटलं, आणखी एक जोडून घ्यावा."

महाराजांनी शेंगांचं सूप जवळ ओढलं. एक शेंग फोडली. दाणे सौमित्रच्या हातावर ठेवले.

त्याने ते खाल्ले नाहीत.

"म्हणजे त्यांना सोडून येऊ? पत्र लिहून कळवतो तसं. आजच. फोटोही उतरवतो भिंतीवरचा."

"प्लग उपटायची फार हौस तुला."

"मग तसाच राहू? दोघांचा?"

महाराज शेंगा सोलत राहिले. मग त्यांनी मांडीवरची पिन उचलली, मिटली आणि सौमित्रच्या तळहातावर, दाण्यांशेजारी ठेवली.

"सोनाबाईंची आहे. काम झालं की परत दे."

"पण काम तर झालं, महाराज. गाडी चढली की."

"गाडी चढली. तुझी लाल तार अजून तिथेच आहे."

अर्ज प्रलंबित आहे. पिनही अद्याप परत आलेली नाही.